कोणाच्या भरवशावर थांबायचे?

शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात, पालकसभेत किंवा व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकात एक गोष्ट आपण कधी ना कधी ऐकलेली असते. चार वर्षांच्या मुलाला एका खोलीत टेबलाशी बसवतात. समोर ताटलीत मार्शमॅलो, म्हणजे साखर व जिलेटिनपासून केलेली मऊ, फुगीर मिठाई ठेवतात. ताई सांगतात, "मी जरा बाहेर जाऊन येते. मी येईपर्यंत थांबलास तर तुला दोन मिळतील. थांबवेनासे झाले तर ही घंटी वाजव, मी लगेच येईन. पण मग एकच मिळेल." काही मुले थांबतात, काही थांबत नाहीत. पुढे वर्षानुवर्षे मागोवा घेतल्यावर असे दिसते, की थांबलेली मुले परीक्षेत आणि आयुष्यात पुढे गेली. तात्पर्य काय, तर संयम हा यशाचा पाया आहे आणि तो कोणात आहे हे चौथ्या वर्षीच ओळखता येते.

हे तात्पर्य ऐकून वर्गात परतलेल्या शिक्षकाला दोन जातींची मुले दिसू लागतात. खिचडीच्या रांगेत घुसणारा, प्रश्न पुरा होण्याआधीच ओरडणारा, रंगपेटी आली की आधी आपल्याकडे ओढणारा मुलगा 'संयम नसलेला' ठरतो. आणि संयम घरात शिकवला जातो असेही आपण ऐकलेले असल्याने पाठोपाठ दुसरा शेरा येतो, "घरचे वळणच नाही." वस्तीतल्या मुलाच्या वाट्याला हा शेरा जास्त वेळा येतो. म्हणून या गोष्टीच्या मुळाशी असलेला पुरावा तपासून पाहणे हा केवळ मानसशास्त्रज्ञांचा प्रश्न राहत नाही.

ही परीक्षा ज्यांच्या नावाशी जोडली गेली आहे त्या वॉल्टर मिशेल यांनी २०१४ साली 'द मार्शमॅलो टेस्ट' हे पुस्तक लिहिले. मिशेल यांचा जन्म १९३० साली व्हिएन्नात झाला. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया ताब्यात घेतल्यावर त्यांच्या कुटुंबाला देश सोडावा लागला. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड व कोलंबिया या विद्यापीठांत त्यांनी अध्यापन केले. २०१८ मध्ये ते वारले. पुस्तक प्रामाणिक आहे, वाचनीय आहे आणि त्याच्या नावावर खपणाऱ्या गोष्टीपेक्षा बरेच सावधही आहे. तरीही त्याच्या मांडणीत एक मोठी उणीव आहे. मूल जिथे वाढते ते घर आणि तो शेजार या मांडणीत कडेला राहतात.

मुळात प्रश्न कोणता होता?

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात बिंग नावाची बालवाडी आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तेथे हे प्रयोग सुरू झाले. तेव्हा मिशेल यांना कोणते मूल पुढे यशस्वी होईल हे सांगायचे नव्हते. मूल थांबते तेव्हा त्याच्या मनात काय चालते, आणि कोणत्या परिस्थितीत थांबणे सोपे जाते, हा त्यांचा प्रश्न होता. एब एबसेन यांच्याबरोबर केलेल्या १९७०च्या प्रयोगात त्यांनी खाऊ कधी मुलाच्या समोर ठेवला, कधी नजरेआड केला. दोन्ही खाऊ समोर असताना मुले सरासरी जेमतेम एक मिनिट थांबली. दोन्ही नजरेआड केल्यावर ती सरासरी ११ मिनिटे थांबली.

हा आकडा शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. एकाच बालवाडीतली, एकाच वयाची मुले. फरक फक्त खाऊ दिसतो की नाही एवढाच. तेवढ्याने थांबण्याची वेळ दहापट होते. पुढच्या प्रयोगांत मुलांना युक्त्या सुचवून पाहिल्या. मार्शमॅलो म्हणजे ढग आहे अशी कल्पना कर, किंवा ते खरे नसून नुसते चित्र आहे असे समज, असे सांगितल्यावर मुले जास्त वेळ थांबत. पुस्तकातला सर्वांत भक्कम भाग हाच आहे. संयम म्हणजे दात-ओठ खाऊन मोह दाबणे अशी आपली समजूत असते. मिशेल दाखवतात, की लक्ष दुसरीकडे वळवणे, मोहाच्या वस्तूकडे निराळ्या नजरेने पाहणे अशी ती शिकता येण्याजोगी कौशल्ये आहेत.

भविष्य सांगणारी परीक्षा

भविष्याची गोष्ट नंतर जोडली गेली. मिशेल यांच्या मुली त्याच बालवाडीत होत्या. त्यांच्या बरोबरीची मुले आता कशी आहेत हे घरातल्या गप्पांतून कानावर येऊ लागले, तेव्हा त्यांना पाठपुरावा करण्याची कल्पना सुचली. १९६८ ते १९७४ या काळात बिंगमधल्या ६५३ मुलांवर हे प्रयोग झाले होते. १९९० साली युइची शोडा, मिशेल आणि फिलिप पीक यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात थांबण्याचा काळ आणि पुढे महाविद्यालयीन प्रवेशासाठी दिलेल्या सॅट परीक्षेचे गुण यांत चांगला सहसंबंध दिसला.

पण कोणात दिसला? खाऊ समोर उघडा आहे आणि कोणतीही युक्ती सुचवलेली नाही, अशा एकाच प्रकारच्या मांडणीतल्या मुलांत. त्यांपैकी ज्यांचे सॅटचे गुण हाती होते अशी मुले होती फक्त ३५. इतक्या लहान नमुन्यात सहसंबंध खऱ्यापेक्षा मोठा दिसण्याची शक्यता असते, हा इशारा लेखकांनीच त्या निबंधात देऊन ठेवला होता. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या 'इमोशनल इंटेलिजन्स' या गाजलेल्या पुस्तकाने ही गोष्ट जगभर नेली. गोष्ट पसरली, इशारा मागे राहिला. पुढे खुद्द बिंगच्याच ११३ जणांचा चाळिशीनंतर आढावा घेतला गेला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात बालपणीच्या त्या एका परीक्षेवरून मध्यमवयातली सांपत्तिक स्थिती सांगता आली नाही. त्या निबंधाच्या लेखकांत मिशेल यांचेही नाव आहे.

आकड्यांपेक्षा महत्त्वाचा प्रश्न ही मुले कोण होती हा आहे. स्टॅनफर्डच्या आवारातली बालवाडी म्हणजे बहुतांशी प्राध्यापकांची, पदवीधर आईवडिलांची मुले. विज्ञानाच्या शिक्षकाला येथे शेतीतला दाखला पटेल. एकाच वाफ्यात, एकच खत व तेवढेच पाणी देऊन रोपे वाढवली, तर त्यांच्या उंचीतला फरक बियाण्यातला दिसणार, कारण मातीतला फरक आपणच काढून टाकलेला आहे. त्यावरून "मातीला महत्त्व नाही" असे म्हणता येईल का? बिंगमध्ये नेमके हेच झाले. घर आणि शेजार जवळपास सारखे असलेल्या मुलांत जो फरक दिसला तो मुलाच्या आतला मानला गेला, आणि मग ते माप सगळ्या मातीतल्या मुलांना लावले गेले.

त्या प्रयोगात आणखी एक गोष्ट मुद्दाम स्थिर ठेवली होती. सुरुवातीला ताई मुलाकडून घंटीचा सराव करून घेत. ताई बाहेर जात, मूल घंटी वाजवी, ताई तत्काळ परत येत. असे करून या बाई बोलतात तसे वागतात याची मुलाला खात्री पटवली जाई. प्रयोगाच्या दृष्टीने हे अगदी योग्य होते. मन कसे काम करते हे पाहायचे असेल तर विश्वासाचा प्रश्न आधी मिटवला पाहिजे. पण प्रयोगशाळेबाहेर तो प्रश्न मिटलेला नसतो.

त्रिनिदादची पाने

गंमत अशी, की मिशेल यांचे या विषयातले पहिले काम विश्वासाच्या प्रश्नापाशीच सुरू झाले होते. १९५०च्या दशकात ते वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर गेले होते. तेथे आफ्रिकी वंशाचे आणि भारतीय वंशाचे लोक शेजारीशेजारी राहत. १८४५ ते १९१७ या काळात उसाच्या मळ्यांवर कराराने नेलेल्या भारतीय मजुरांचे हे वंशज. दोन्ही समाज एकमेकांविषयी ठरीव मते बाळगून होते. भारतीय म्हणत, आफ्रिकी लोक आजचा दिवस साजरा करतात, उद्याचे पाहत नाहीत. आफ्रिकी म्हणत, भारतीय नुसता पैसा साठवतात, जगत नाहीत. मिशेल यांनी शाळेतल्या सात ते नऊ वर्षांच्या ५३ मुलांना साधी निवड दिली: आज स्वस्तातली मिठाई, की आठवड्याने तिच्या दहापट किमतीची?

भारतीय वंशाच्या मुलांनी थांबणे अधिक वेळा पसंत केले. येथेच थांबले असते तर वंशाविषयीच्या ठरीव मताला विज्ञानाचा शिक्का मिळाला असता. पण मिशेल यांनी घराची माहितीही घेतली होती. वडील घरात असणे-नसणे आणि थांबण्याची निवड यांचा संबंध आहे असे त्यांना आढळले. भारतीय वंशाच्या मुलांपैकी जवळजवळ सर्वांचे वडील घरात होते, आफ्रिकी वंशाच्या अनेक मुलांचे नव्हते. पुस्तकात या निष्कर्षाकडे मागे वळून पाहताना ते विश्वासाचा मुद्दा मांडतात. पुरुषाने दिलेला शब्द पाळल्याचा अनुभव ज्या मुलाला फारसा नाही, त्याने पुढच्या आठवड्यात मिठाई घेऊन येण्याचे वचन देणाऱ्या परक्या गोऱ्या माणसावर का विसंबावे? प्रश्न अचूक आहे. पण तो काही पानांत संपतो, आणि पुस्तकाचा भर पुन्हा मुलाच्या मेंदूकडे व मनाच्या युक्त्यांकडे जातो. ही पाने पुस्तकाच्या मध्यभागी असायला हवी होती.

याच प्रश्नावर २०१३ साली सेलेस्ट किड, हॉली पामेरी आणि रिचर्ड ॲस्लिन यांनी अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांची २८ मुले घेतली. आधी चित्र रंगवण्याचा खेळ. "थांबलास तर याहून छान रंगखडू आणते," असे ताईंनी सांगितले. १४ मुलांसाठी त्या खरेच घेऊन आल्या. उरलेल्या १४ मुलांकडे रिकाम्या हाताने परतल्या आणि खडू नसल्याचे सांगितले. चिकटचित्रांच्या बाबतीतही तसेच झाले. मग मार्शमॅलोची परीक्षा घेतली. शब्द पाळलेल्या गटातली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली, शब्द मोडलेल्या गटातली सुमारे ३ मिनिटे. पूर्ण १५ मिनिटे थांबलेली मुले पहिल्या गटात ९ होती, दुसऱ्यात एकच. नमुना लहान आहे, हे येथेही विसरू नये. पण मुले दोन गटांत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटलेली असल्याने एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. मुलांचा 'स्वभाव' अर्ध्या तासात बदलला नव्हता. मोठ्या माणसाच्या शब्दाविषयीचा त्यांचा अंदाज बदलला होता. दोनदा फसल्यावर समोरचा खाऊ खाऊन टाकणाऱ्या मुलाला अविचारी म्हणावे, की हिशेबी?

घर, शेजार आणि रीत

घराचा वाटा किती, हे मोठ्या नमुन्यावर तपासले ते टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी, २०१८ साली. अमेरिकेतल्या निरनिराळ्या ठिकाणच्या ९१८ मुलांची माहिती त्यांनी घेतली. त्यांपैकी ५५२ मुलांच्या माता पदवीधर नव्हत्या. साडेचार वर्षांच्या वयात थांबण्याचा काळ आणि १५ व्या वर्षीचे शालेय यश यांत संबंध होता. पण स्टॅनफर्डच्या निष्कर्षाच्या साधारण निम्माच. घरची स्थिती, घरातले वातावरण आणि मुलाची आधीची बौद्धिक वाढ हिशेबात धरल्यावर तोही दोन-तृतीयांशाने घटला. १५ व्या वर्षीच्या वर्तनाशी तर संबंध जवळपास दिसलाच नाही.

या निबंधानंतर वर्तमानपत्रांनी "मार्शमॅलोची परीक्षा खोटी ठरली" असे मथळे दिले. तेही घाईचे होते. येथे मुलांना फक्त ७ मिनिटे थांबायचे होते, त्यामुळे बरीच मुले मापाच्या टोकाला पोचली. शिवाय काही संशोधकांनी रास्त आक्षेप घेतला, की मुलाची आधीची वाढ हिशेबातून वजा करताना संयमाचाच काही भाग वजा होतो. थोडक्यात, संयमाला काही अर्थ नाही असे या अभ्यासातून निघत नाही. एका दुपारच्या परीक्षेत जे मोजले जाते त्यात घर मिसळलेले असते, एवढे मात्र निघते.

शेजाराचा पुरावा याहून अस्वस्थ करणारा आहे. पॅट्रिक शार्की आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली शिकागो शहरातल्या बालवाडीच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अवधान आणि आवेगांवरचा ताबा यांच्या चाचण्या मुलांनी निरनिराळ्या दिवशी दिल्या होत्या. योगायोगाने काही मुलांच्या चाचणीआधीच्या आठवड्यात त्यांच्या घराजवळ खून झाला होता. त्याच वस्तीतल्या, पण शांत आठवड्यात चाचणी दिलेल्या मुलांपेक्षा या मुलांचे अवधान आणि आवेगांवरचा ताबा कमी भरला. त्यांच्या पालकांमध्येही तणावाची लक्षणे जास्त होती. शेजारातली भीती मुलापर्यंत पोचण्याची ती एक वाट असावी. वस्ती तीच, घरे तशीच, फक्त आठवडा वेगळा. त्या आठवड्यात 'संयम नाही' असा शेरा मारला असता, तर तो कोणाच्या वर्तनावर ठरला असता?

शेजार म्हणजे केवळ संकट नव्हे. रीतही शेजारातच शिकली जाते. बेटिना लॅम आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली कॅमेरूनमधल्या न्सो जमातीच्या शेतकरी कुटुंबांतली आणि जर्मनीतल्या मध्यमवर्गीय कुटुंबांतली चार वर्षांची मुले यांची तुलना केली. जर्मन मुलांपैकी २८ टक्के मुले पूर्ण वेळ थांबली. न्सो मुलांपैकी सुमारे ७० टक्के. काही न्सो मुले तर वाट पाहता पाहता झोपी गेली. पैसा आणि पुस्तके जास्त असलेल्या घरातच संयम रुजतो, हे समीकरण येथे कोलमडते. २०२२ साली जपानी आणि अमेरिकी मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जपानी मुले खाण्यासाठी जास्त वेळ थांबली आणि गुंडाळलेली भेटवस्तू उघडण्यासाठी कमी. अमेरिकी मुलांचे नेमके उलट. जपानी मुलाला सर्वांना वाढून होईपर्यंत थांबण्याची सवय असते, तर अमेरिकी मुलाला वाढदिवसाची किंवा नाताळची भेट ठरल्या वेळीच उघडण्याची. पंगतीत सगळ्यांची पाने वाढून होईपर्यंत भाताला हात न लावणारी आपल्याकडची लहान मुले आठवली, की हे समजायला अवघड नाही. मग मुलाचा 'खरा' संयम कोणता धरायचा, खाऊसमोरचा की भेटवस्तूसमोरचा?

मग संयमाला किंमत नाही का?

आहे. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा मागोवा तेथील संशोधक अजून घेत आहेत. टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले, की तिसऱ्या ते अकराव्या वर्षांपर्यंतचे स्वनियंत्रण ३२ व्या वर्षीचे आरोग्य, आर्थिक स्थिती आणि गुन्ह्यांची नोंद यांच्याशी निगडित होते. बुद्ध्यंक आणि आईवडिलांचा सामाजिक स्तर हिशेबात धरूनही. हा पुरावा टाळून चालणार नाही. पण तो कसा जमवला ते पाहा. आठ वर्षे, पुन्हा पुन्हा, संशोधक, पालक, शिक्षक आणि स्वतः मूल अशा अनेकांच्या निरीक्षणांतून. ताटलीतल्या एका खाऊवरून नव्हे. आणि ज्यांचे स्वनियंत्रण बालपण व तारुण्य यांदरम्यान सुधारले, त्यांचे पुढचे चित्रही अपेक्षेपेक्षा चांगले निघाले. म्हणजे हा गुण महत्त्वाचा आहे, हळूहळू घडतो आणि बदलतो.

शिक्षकांसाठी यातून निघणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. वर्गात चॉकलेट ठेवून मुलांची परीक्षा घेण्याचा 'उपक्रम' करू नये; त्यातून मुलाचा स्वभाव कळत नाही, त्याला नाव मात्र चिकटते. "उद्या गोष्ट सांगेन" म्हटले तर उद्या गोष्ट सांगावी, आणि जमणार नसेल तर का जमणार नाही ते मुलांना सांगावे. किती वेळ थांबायचे ते मुलाला समजेल असे सांगावे. "थोडं थांब" याचा अर्थ चार वर्षांच्या मुलाला लागत नाही, "हे गाणं संपेपर्यंत" याचा लागतो. वाटायची वस्तू वाटेपर्यंत झाकून ठेवावी. सबीन डोबेल आणि युको मुनाकाता यांच्या २०१८च्या प्रयोगात आपल्या गटातली मुले थांबली होती असे कळलेली मुले जास्त वेळ थांबली. म्हणजे वर्गाची रीत हे शिक्षकाच्या हातातले साधन आहे.

आणि खिचडीच्या रांगेत घुसणाऱ्या मुलाविषयी मत बनवण्याआधी एक गोष्ट तपासावी. शेवटच्या मुलापर्यंत खिचडी पुरते का? ती रोज पुरते हे दिसू लागल्यावर महिन्याभराने रांग कशी दिसते, याची नोंद ठेवावी. वर्गात करता येण्याजोगे हे निरीक्षण मार्शमॅलोच्या परीक्षेपेक्षा अधिक माहिती देईल.

मिशेल यांचे पुस्तक जरूर वाचावे. लक्ष कसे वळवायचे, मोहाच्या वस्तूचा विचार कसा बदलायचा, याविषयीची प्रकरणे कोणत्याही शिक्षकाला उपयोगी पडतील. फक्त त्रिनिदादची पाने आधी वाचावीत आणि मग बिंगच्या बालवाडीत जावे. घंटी वाजवताच ताई धावत येतात, हे तिथल्या मुलांना पक्के ठाऊक होते. आपल्या वर्गातल्या किती मुलांना ते ठाऊक आहे, याचे उत्तर पुस्तकात मिळणार नाही.